दुसरी भाषा : बोलताना आणि लिहिताना

मातृभाषेनंतर शिकलेली भाषा एखाद्याला ‘येते’ की ‘येत नाही’, असा प्रश्न सर्रास विचारला जातो. शाळेच्या प्रगतिपुस्तकात, नोकरीच्या मुलाखतीत आणि शेजारच्यांच्या गप्पांतही याच दोन रकान्यांत माणसांची वाटणी होते. प्रत्यक्ष स्थिती मात्र इतकी सरळ नसते. बँकेच्या खिडकीशी ग्राहकांशी सफाईने मराठी बोलणारा अमराठी कर्मचारी रजेचा चार ओळींचा अर्ज मराठीत लिहिताना अडखळतो. मराठीच्या पेपरात उत्तम गुण मिळवणारी अमराठी विद्यार्थिनी भाजीवाल्यासमोर उभी राहिली की हिंदीकडे वळते. दोघांनाही मराठी येते आणि दोघांनाही ती अपुरी येते. फक्त अपुरेपणाची जागा वेगळी असते.

दुसरी भाषा शिकणाऱ्याच्या दृष्टीने बोलणे आणि लिहिणे ही बऱ्याच अंशी स्वतंत्र कौशल्ये आहेत. एक आले म्हणजे दुसरे आपोआप येते असे नाही. एका रूपातून दुसऱ्या रूपात जाताना भाषेत कोणते बदल करावे लागतात, हेही शिकावे लागते. गेल्या अर्धशतकात भाषाविज्ञानाने या प्रश्नाचा बारकाईने विचार केला आहे. मराठीसारख्या, बोलीचे आणि लेखनाचे रूप वेगळे असलेल्या भाषेत तर त्याचे महत्त्व अधिकच आहे.

चुकांमागची व्यवस्था

दुसऱ्या भाषेतील चुका म्हणजे केवळ निष्काळजीपणा किंवा वाईट सवय, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. ब्रिटिश भाषावैज्ञानिक एस. पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्ये या समजुतीला आव्हान दिले. शिकणाऱ्याच्या चुकांत एक सुसंगती असते आणि त्याच्या मनात भाषेचे कोणते नियम तयार होत आहेत हे त्या चुकांवरून कळते, असे त्यांनी मांडले. १९७२ मध्ये अमेरिकन भाषावैज्ञानिक लॅरी सेलिंकर यांनी या तयार होत असलेल्या व्यवस्थेला नाव दिले. मराठीत तिला ‘अंतरभाषा’ म्हणता येईल. ही अंतरभाषा शिकणाऱ्याच्या मातृभाषेहून वेगळी असते आणि शिकायच्या भाषेहूनही वेगळी असते. तिला स्वतःचे व्याकरण असते.

हे व्याकरण एकाच व्यक्तीच्या बाबतीतही प्रसंगानुसार बदलते, ही बाब पुढील संशोधनातून स्पष्ट झाली. विल्यम लेबॉव्ह यांनी न्यूयॉर्क शहराच्या बोलीचा जो अभ्यास १९६६ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात मातृभाषकांचे उच्चारही बोलण्याकडे त्यांचे किती लक्ष आहे यानुसार बदलतात असे दिसले होते. तोच धागा पकडून लॉना डिकरसन यांनी १९७५ मध्ये इंग्रजी शिकणाऱ्या जपानी विद्यार्थ्यांचे उच्चार तपासले. मोकळ्या गप्पांत चुकणारे उच्चार संवाद वाचताना सुधारत आणि सुट्या शब्दांची यादी वाचताना सर्वांत अचूक होत. विद्यार्थी तेच, भाषा तीच; बदलले होते ते काम.

यावरून ‘लक्ष देऊन केलेले ते अचूक’ असा सोपा निष्कर्ष निघाला असता. परंतु इलेन टॅरोन यांच्या १९८५ मधील अभ्यासाने त्याला छेद दिला. इंग्रजी शिकणाऱ्या जपानी आणि अरबी भाषकांना त्यांनी व्याकरणाची लेखी चाचणी दिली, तसेच तोंडी गोष्ट सांगायलाही लावली. क्रियापदाला लागणारा तृतीयपुरुषी एकवचनाचा प्रत्यय लेखी चाचणीत अधिक अचूक आला. उलट नामाआधी येणारी उपपदे गोष्ट सांगताना अधिक अचूक आली. गोष्टीतला माणूस आधी उल्लेखलेलाच की नवा, हे ऐकणाऱ्याला कळावे लागते आणि ते काम उपपदे करतात. क्रियापदाचा प्रत्यय गळला तरी अर्थ अडत नाही. म्हणजेच शिकणारा नुसता ‘सावध’ किंवा ‘बेसावध’ नसतो. समोर कोण आहे आणि त्याला काय कळायला हवे, याचा हिशेब तो नकळत मांडत असतो.

घाई आणि सवड

बोलण्यात वेळ नसतो. पुढचे वाक्य मनात जुळवतानाच आधीचे तोंडातून बाहेर पडत असते. त्यामुळे दुसरी भाषा बोलणारा माणूस छोटी वाक्ये करतो, पाठ झालेले शब्दसमूह वापरतो, अवघड रचना टाळतो. त्याच्या मदतीला मात्र बरेच काही असते. समोरच्याचा चेहरा, हातवारे, आवाजाचे चढउतार आणि ‘म्हणजे’, ‘ते आपलं’, ‘ना’ यांसारखे वेळ मिळवून देणारे शब्द त्याच्या उपयोगी पडतात. एखादा शब्द चुकला तर ऐकणारा तिथल्या तिथे दुरुस्त करतो.

लिहिताना सवड मिळते, पण ही सारी मदत नाहीशी होते. वाचणारा दूर असतो. त्याला संदर्भ ठाऊक नसतो. जे बोलताना बोट दाखवून भागते, ते लिहिताना नावानिशी सांगावे लागते. लेखनात झालेली चूक कागदावर राहते आणि पुन्हा पुन्हा वाचली जाते.

तरीही बोलणे एका बाजूला आणि लेखन दुसऱ्या बाजूला, अशी रेघ मारता येत नाही. डग्लस बायबर यांनी १९८८ मध्ये इंग्रजीतील अनेक प्रकारच्या लेखी आणि तोंडी मजकुरांची तुलना केली. खासगी पत्रे अनेक बाबतींत गप्पांना जवळची ठरली, तर तयारी करून केलेली भाषणे लेखनाकडे झुकलेली दिसली. दुसरी भाषा शिकणाऱ्यालाही दोनच कप्पे नव्हे, तर पायऱ्यांची मालिका ओळखावी लागते.

मराठीतील दोन वाटा

चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९५९ मध्ये अरबी, ग्रीक, स्वित्झर्लंडमधील जर्मन आणि हैतीची क्रिओल अशा चार उदाहरणांवरून द्विस्तरीय भाषाव्यवहाराची संकल्पना मांडली. या समाजांत घरगुती बोलणे आणि औपचारिक व्यवहार यांसाठी भाषेची दोन ठळक रूपे असतात. भारतात तमिळ हे त्याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण. मराठीत अंतर इतके मोठे नाही. मात्र ते इतके लहानही नाही, की शिकणाऱ्याच्या लक्षात येऊ नये.

प्रमाण मराठी बोलणारा माणूस ‘मी सांगितलं’, ‘माझं घर’, ‘तिथली झाडं’ असे म्हणतो. औपचारिक लेखनात तीच रूपे ‘मी सांगितले’, ‘माझे घर’, ‘तेथील झाडे’ अशी होतात. बोलण्यातले ‘करतोय’ आणि ‘आलाय’ कागदावर ‘करीत आहे’ आणि ‘आला आहे’ असे पसरतात. शासकीय पत्रव्यवहारात आणखी एक पायरी चढावी लागते. तेथे ‘आम्ही तुम्हाला कळवतो’ याऐवजी ‘आपणास कळविण्यात येते’ अशी कर्ता नाहीसा करणारी रचना रूढ आहे. सोबत ‘उपरोक्त’, ‘सदर’, ‘अन्वये’ असे बोलण्यात क्वचितच येणारे शब्दही येतात.

मातृभाषकाला या पायऱ्या चढताना प्रयत्न जाणवत नाहीत, कारण घरातली भाषा आधी पक्की झालेली असते आणि शाळेची भाषा तिच्यावर रचली जाते. नव्याने शिकणाऱ्याला मात्र एकाच शब्दाची दोन रूपे दोन ठिकाणी भेटतात आणि त्यांचे नाते कोणी सांगितले नाही तर ती दोन वेगळे शब्द वाटतात.

लेखनाच्या रूपामुळे एक खास अडचण निर्माण होते. बोलण्यात ‘चांगलं घर’ आणि ‘चांगले घोडे’ यांत फरक ऐकू येतो. पहिले नपुसकलिंगी एकवचन, दुसरे पुल्लिंगी अनेकवचन. पूर्वी लिहितानाही ‘चांगलें घर’ असा अनुस्वार देऊन हा फरक दाखवला जाई. १९६२ मध्ये मान्य झालेल्या शुद्धलेखनाच्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. मराठी माणसाचे लेखन त्यामुळे सुटसुटीत झाले. परंतु आज ‘चांगले घर’ आणि ‘चांगले घोडे’ ही दोन्ही विशेषणे कागदावर एकसारखी दिसतात. केवळ पुस्तकावरून मराठी शिकणाऱ्याला नपुसकलिंगाची ही खूण दिसतच नाही. ती कानानेच मिळवावी लागते.

उलट उदाहरणेही आहेत. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहावा, हा नियम नुसत्या ऐकण्यातून कळत नाही, कारण बोलण्यात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद फारसा उरलेला नाही. याबाबतीत डोळ्यांनी शिकलेला परभाषक कधी कधी मराठी माणसाहून अचूक लिहितो. याउलट ‘चार’ हा आकडा आणि गुरांना ‘चार’ ही आज्ञा, किंवा ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जगत राहा, यांतील ‘च’ आणि ‘ज’ यांचे उच्चार भिन्न असूनही लिपी तो भेद दाखवत नाही.

कानाने शिकणारे, डोळ्यांनी शिकणारे

अमराठी माणूस मराठी कोणत्या वाटेने शिकला यावर त्याच्या चुकांचे स्वरूप अवलंबून असते. त्याची मातृभाषा कोणती, यावरही ते ठरते. गुजराती भाषकाला तीन लिंगे नवी नसतात, कारण गुजरातीतही नपुसकलिंग आहे. हिंदी भाषकाला दोन लिंगांची सवय असते. म्हणून ‘किताब’च्या चालीवर तो ‘पुस्तक दिली’ असे म्हणतो. कन्नडमध्ये निर्जीव वस्तूंना स्त्री-पुरुष भेद नसतो आणि बंगालीत व्याकरणिक लिंगच नाही. त्या भाषकांना वही स्त्रीलिंगी आणि कागद पुल्लिंगी का, हे पाठच करावे लागते.

हिंदी भाषकाची स्थिती विशेष विचार करण्यासारखी आहे. लिपी एकच असल्यामुळे मराठी लेखन त्याला सोपे वाटते आणि तिथेच तो फसतो. हिंदीत ‘कवि’ आणि ‘शक्ति’, तर मराठीत ‘कवी’ आणि ‘शक्ती’. ‘शिक्षा’ या शब्दाचा हिंदीतील अर्थ शिक्षण, मराठीतील अर्थ दंड. ‘चेष्टा’ म्हणजे तिकडे प्रयत्न आणि इकडे थट्टा. बोलण्यात असा शब्द आला तर समोरचा हसतो, विचारतो आणि गैरसमज मिटतो. अर्जात किंवा निबंधात तो आला तर वाचणाऱ्याला लेखकाचा हेतू विचारण्याची सोय नसते.

बोलण्यातील चुका वेगळ्या असतात. हिंदीतील ‘मैंने’च्या वजनावर ‘मीने’ असे रूप तयार होते. ‘घोड्याला’ऐवजी ‘घोडाला’ असे सामान्यरूप गाळलेले रूप ऐकू येते. ऐकणाऱ्याला सोबत घ्यायचे असतानाही ‘आपण जाऊ’ऐवजी ‘आम्ही जाऊ’ असे म्हटले जाते. ‘आप’ची सवय असलेला भाषक प्रत्येकाला ‘आपण’ म्हणतो. रोजच्या व्यवहारात मराठी माणूस आदरानेही ‘तुम्ही’च म्हणतो, त्यामुळे हे संबोधन ऐकताना जाहीर सभेतल्यासारखे वाटते. यात व्याकरणाची चूक काहीच नाही; लेखनाच्या पायरीवरचा शब्द बोलण्याच्या पायरीवर आला आहे, इतकेच.

परदेशातील मराठी कुटुंबांत वाढणारी मुले हे आणखी एक उदाहरण. आजी-आजोबांचे बोलणे त्यांना समजते, घरगुती वाक्ये ती सहज बोलतात. पण त्यांचे वाचन-लेखन इंग्रजीत झालेले असते. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळांत येणाऱ्या अशा मुलाला ‘झालं’ ठाऊक असते. ‘झाले’ हे त्याचेच लेखी रूप आहे, हे त्याला शिकवावे लागते.

इतिहासातील विद्यार्थी

दोन रूपांचा हा पेच नवा नाही. इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट धर्मोपदेशक फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. स्थानिक लोकांची रोजची भाषा कोंकणी, तर काव्याची आणि पुराणांची प्रतिष्ठित भाषा मराठी, असे त्यांना दिसले. त्यांनी दोन्ही आत्मसात केल्या आणि कामाप्रमाणे वाटून वापरल्या. धर्मतत्त्वांची प्रश्नोत्तरे त्यांनी कोंकणीत लिहिली आणि त्या भाषेचे व्याकरणही रचले. ही दोन पुस्तके त्यांच्या मृत्यूनंतर अनुक्रमे १६२२ आणि १६४० मध्ये छापली गेली. सुमारे ११ हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ मात्र त्यांनी मराठीत रचले आणि ते १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापून निघाले. पूर्वीच्या कवींचे अवघड शब्द टाळून प्रचलित भाषेतील शब्द जागोजागी मिसळल्याचा खुलासाही त्यांनी या ग्रंथाच्या गद्य प्रस्तावनेत केला आहे. वाचणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला समजावे म्हणून ग्रांथिक भाषेची उंची किती कमी करावी, याचा विचार एका परभाषकाने चारशे वर्षांपूर्वी जाणीवपूर्वक केला होता.

विल्यम केरी यांचे उदाहरण दुसऱ्या टोकाचे. ते मराठी मुलुखापासून दूर, बंगालमध्ये राहून पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने मराठी शिकले. कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात ते कंपनीच्या अधिकाऱ्यांना ही भाषा शिकवत. त्यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपूर येथे छापले गेले. नियमांसोबत नेहमीच्या विषयांवरील संवादही त्यात जोडलेले होते. व्याकरण पाठ झाले तरी बोलणे जमत नाही, ही अडचण तेव्हाच ओळखलेली होती, असे त्यावरून दिसते.

विसाव्या शतकात मॅक्सिन बर्नसन या अमेरिकन विदुषींनी फलटणला राहून मराठी शिकली. तेथील लोकांच्या बोलण्यातील सामाजिक भेद हाच त्यांच्या पीएच.डी.च्या प्रबंधाचा विषय होता. जाई निंबकर यांच्यासह त्यांनी परभाषकांसाठी मराठीचे संदर्भ-व्याकरण आणि पाठ्यसाहित्य तयार केले. पुढे भारतीय नागरिकत्व घेऊन त्यांनी फलटणमध्येच शाळा उभारली.

मराठी माणसानेही परभाषेत असाच प्रवास केला आहे. साताऱ्यात जन्मलेले काकासाहेब कालेलकर गुजरातीचे श्रेष्ठ गद्यलेखक झाले आणि त्यांना ‘सवाई गुजराती’ म्हटले गेले. १९६५ मध्ये गुजराती ग्रंथासाठीच त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. घरी मराठी असलेले धारवाडचे द. रा. बेंद्रे यांनी तेथील बोलभाषेतील कन्नड कवितेत आणली आणि १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळवला. दुसऱ्या भाषेत लेखनाची उंची गाठता येते आणि त्यासाठी तिच्या बोलीशी नाते तोडावे लागत नाही, हे या दोघांनी दाखवून दिले.

शाळेची भाषा आणि मैदानाची भाषा

महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांनी इंग्रजी शिकली ती व्याकरण आणि भाषांतराच्या मार्गाने. तर्खडकरांच्या पाठमालेवर वाढलेला विद्यार्थी निर्दोष इंग्रजी पत्र लिहू शके, परंतु साहेबासमोर उभा राहिला की त्याचे बोलणेही पत्रासारखेच होई. दोष बुद्धीचा नव्हता. त्याला इंग्रजीचे एकच रूप शिकवले गेले होते.

कॅनडातील अनुभवही असाच बोलका आहे. तेथे इंग्रजी भाषक मुलांना सर्व विषय फ्रेंचमधून शिकवणाऱ्या शाळा आहेत. ही मुले वर्गात शिक्षकांशी फ्रेंच बोलतात. मात्र मोठी होऊ लागली की आपसांत इंग्रजीकडे वळतात. टॅरोन आणि मेरिल स्वेन यांनी १९९५ मध्ये याचे कारण सुचवले. शाळेने मुलांना अभ्यासाची फ्रेंच दिली, पण चिडवण्याची, भांडण्याची आणि गप्पांची किशोरवयीन फ्रेंच दिलीच नाही. ती शाळेत ऐकायला मिळत नव्हती, मग बोलणार कशी?

महाराष्ट्राला हा इशारा लागू पडतो. २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व माध्यमांच्या आणि मंडळांच्या शाळांत मराठीचे अध्यापन सक्तीचे झाले. हजारो अमराठी घरांतील मुले आता मराठी वाचतात आणि लिहितात. ही मराठी पाठ्यपुस्तक आणि उत्तरपत्रिका यांपुरती राहिली, तर मुले मराठीत उत्तीर्ण होतील. मैदानावर आणि रिक्षात मात्र ती हिंदी-इंग्रजीच बोलतील.

अध्यापन आणि मूल्यमापन

यावर उपाय अवघड नाहीत. विद्यार्थ्याने आधी एखादा प्रसंग तोंडी सांगावा, मग तोच लिहावा आणि दोन्हींत काय बदलले ते शिक्षकाने दाखवावे. एकच निरोप मित्राला, शेजारच्या काकूंना आणि मुख्याध्यापकांना द्यायचा असेल तर वाक्य कसे बदलते, याचा सराव करता येतो. वहीतील ‘असं झालं’ या वाक्यावर नुसती लाल फुली मारली, तर आपण ऐकलेली मराठीच चुकीची आहे असा मुलाचा समज होतो. ‘हे बोलताना बरोबर, औपचारिक लेखनात असे झाले’, एवढे सांगितले तर त्याला दोन्ही रूपे मिळतात.

मोबाइलवरील संदेशांनी मधली एक पायरी उपलब्ध करून दिली आहे. ‘निघालोय, पोचतो’ हे लिहिलेले असते, पण ती बोलण्याची भाषा असते. विचार करायला क्षणभर मिळतो आणि उत्तरही लगेच येते. बोलायला संकोचणाऱ्या शिकाऊ माणसाला ही पायरी उपयोगी पडू शकते. हीच रूपे अर्जात उतरू नयेत, याचे भान मात्र स्वतंत्रपणे द्यावे लागते.

मूल्यमापनातही हा भेद पाळणे न्यायाचे ठरेल. परिचारिकेला रुग्णाशी धीराने बोलता आले पाहिजे, तर कारकुनाला टिपणी लिहिता आली पाहिजे. लेखी परीक्षेवरून परिचारिकेची आणि गप्पांवरून कारकुनाची पारख केली, तर दोघांवरही अन्याय होतो. बँकेतील त्या कर्मचाऱ्याला अर्जाचा नमुना समजावून सांगणारा सहकारी हवा असतो. त्या विद्यार्थिनीला गरज असते ती, तिने मराठीत भाव विचारल्यावर हिंदीत उत्तर न देणाऱ्या भाजीवाल्याची.